बाल्डर्स गेट ३ नव्याने खेळताय? काठिण्यपातळी अशी ठरवा

बाल्डर्स गेट ३ हा आरपीजी, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, सुरू केला की पात्र बनवायच्या आधीच गेम विचारतो, किती अवघड हवं? पेपर हातात पडायच्या आधीच पर्यवेक्षकाने ‘सोपा देऊ की अवघड?’ असं विचारावं, तसा हा प्रकार. गेम अजून पाहिलेलाच नाही, तर उत्तर काय देणार?

मी पहिल्या वेळी ऐटीत ‘टॅक्टिशियन’ निवडलं. इतकी वर्षं गेम खेळतोय, आणि ‘बॅलन्स्ड’ हे नावच मिळमिळीत वाटलं. पुढे ड्रुइड नावाच्या निसर्गपूजकांच्या वस्तीच्या वेशीवर गोब्लिनांशी जी पहिली मोठी मारामारी होते, तिच्यात माझी अख्खी टोळी सलग पाच वेळा आडवी झाली. सहाव्या वेळी जिंकलो. पातळी तीच होती. पाचव्या आणि सहाव्या वेळेच्या मध्ये मी काय बदललं ते पुढे सांगतोच, कारण नवा माणूस बहुतेक वेळा तिथेच अडतो. हरण्याचं कारण एक असतं आणि तो फिरवतो भलतंच बटण.

पायरी १: पातळ्यांमध्ये नेमकं काय बदलतं ते बघा

बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ रोजी आला, तेव्हा तीनच पातळ्या होत्या: एक्सप्लोरर, बॅलन्स्ड आणि टॅक्टिशियन. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरच्या पाचव्या पॅचमध्ये ऑनर आणि कस्टम या दोन आल्या.

एक्सप्लोररमध्ये शत्रूंचा दम कमी असतो, तुमच्या टोळीला जास्तीचं बळ मिळतं आणि दुकानदारही जरा मऊ वागतात. बॅलन्स्ड म्हणजे गेम जसा बेतला तसा. टॅक्टिशियनमध्ये शत्रूंचे हिट पॉइंट (किती घाव सोसू शकतो त्याचा आकडा) साधारण ३० टक्क्यांनी वाढतात, त्यांचे वार जास्त लागतात, ते डोकं लावून लढतात, आणि कॅम्पमध्ये रात्रभर विश्रांती घ्यायला ४० ऐवजी ८० शिधा लागतो. हे शिध्याचं कलम नवा खेळाडू वाचतच नाही. त्याला वाटतं, अवघड म्हणजे राक्षस तगडे, एवढंच. प्रत्यक्षात जेवणखाण जमवण्यापासून पैशापर्यंत सगळीकडेच ओढाताण होते.

सगळ्याच गेममध्ये हे असं नसतं. स्कायरिम (२०११) घ्या. तिथे पातळी म्हणजे सरळ गुणाकार आहे. नॉव्हिसवर तुमचा घाव दुप्पट लागतो आणि शत्रूचा निम्मा. अ‍ॅडेप्टवर दोघांचेही जसेच्या तसे. लेजेंडरीवर तुमचा घाव पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट, म्हणजे हिशेब केला तर पारडं बारा पटींनी तिकडे झुकतं. शत्रू जास्त हुशार होत नाही, एकेका डाकूला मारायला जास्त वेळ लागतो इतकंच. मला ते अवघडापेक्षा कंटाळवाणं वाटतं. विचर ३ मध्ये आणखी वेगळी गंमत आहे. खालच्या दोन पातळ्यांवर मेडिटेशन करून उठलं की नायक गेराल्टची तब्येत भरून आलेली असते, वरच्या दोन पातळ्यांवर ती सोय नाही. म्हणजे तिथे पातळी वाढवणं हे औषधपाण्याची आणि खाण्याची तजवीज करणं असतं. आणि एल्डन रिंगमध्ये तर पातळीचं बटणच नाही.

म्हणून कुठलाही आरपीजी असो, पातळीच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. आकडा वाढतोय, सामान कमी होतंय की सेव्हची सोय जातेय? तिन्ही वेगळे त्रास आहेत.

पायरी २: सुरुवात कुठून?

माझं मत ठाम आहे: पहिल्यांदा खेळणाऱ्याने बॅलन्स्ड घ्यावं. त्याला दोन अपवाद.

पहिला, टर्नबेस्ड (आळीपाळीने चाली करायची) लढाई आयुष्यात कधी खेळलेलीच नसेल आणि मुख्यतः गोष्ट अनुभवायची असेल, तर एक्सप्लोरर घ्या आणि कुणाला स्पष्टीकरण देत बसू नका. या गेममध्ये एकही भारतीय भाषा नाही. इंग्रजी संवाद ढीगभर आहेत, त्यातले बरेचसे जुन्या वळणाचे. ते वाचायचे, समजून घ्यायचे, वर डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलावरच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले नियम शिकायचे. एवढं एकदम झेपलं नाही तर त्यात काही कमीपणा नाही.

दुसरा अपवाद वेळेचा. ऑफिस, घर, पोरांचा अभ्यास आटपून रात्री तासभर मिळत असेल, तर वरच्या पातळीवरची एक मोठी लढाई त्या तासात संपेलच असं नाही. ती अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी परत येणं म्हणजे कोणता मंत्र कुणावर चालू होता, हे आठवण्यात पंधरा मिनिटं घालवणं. अशा माणसाने खालची पातळी घ्यावी.

टॅक्टिशियन पहिल्याच वेळी कोणी घ्यावं? ज्याने लॅरियनचेच आधीचे गेम किंवा टेबलावर बसून डी अँड डी खेळलंय, त्याने. बाकीच्यांनी माझ्यासारखी ऐट करू नये.

निवड जन्माची नाही. ऑनर सोडलं तर पातळी ऑप्शन्समध्ये जाऊन नंतर बदलता येते. त्यामुळे या पडद्यावर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही. तो अर्धा तास केशरचना निवडण्यात जाणारच आहे.

पायरी ३: तिसऱ्या लेव्हलपर्यंत बटणाला हात लावू नका

पात्राची पहिली आणि दुसरी लेव्हल (ही काठिण्यपातळी नव्हे, अनुभवाने वाढणारा पात्राचा दर्जा) हा गेमचा सगळ्यात नाजूक काळ. पात्राचे हिट पॉइंट जेमतेम दहा-बारा, मंत्र दोन-तीन, आणि एखादा जोरदार घाव बसला की गडी जमिनीवर. इथे हरलात म्हणून पातळी चुकली असं ठरवू नका.

त्याऐवजी लेव्हल वाढवा. या गेममध्ये अनुभवाचे गुण मारामारीतून मिळतात तसे नव्या जागा शोधण्यातून आणि बोलून प्रश्न सोडवण्यातूनही मिळतात. ड्रुइडांच्या वस्तीत शिरलात की तिथले सगळे कोपरे बघा, लोकांशी बोला, आणि मगच गोब्लिनांच्या तळाकडे वळा. दुसऱ्या लेव्हलला तळावर चालून जाणं आणि चौथ्या लेव्हलला जाणं, यातला फरक कुठल्याही काठिण्यपातळीच्या फरकापेक्षा मोठा आहे. पाचव्या लेव्हलला तर गेमचा रंगच पालटतो. फायटरला एका टर्नमध्ये दोन वार मिळतात आणि जादूगाराच्या हाती फायरबॉल येतो. कमाल लेव्हल १२, पण मला सगळ्यात मोठी उडी पाचवीचीच वाटते.

पायरी ४: हरलात? आधी पंचनामा करा

इथे सावकाश वाचा. लढाई हरली की लोक दोनच गोष्टी करतात, एफ८ दाबून पुन्हा तसंच लढतात किंवा चिडून पातळी खाली आणतात. मधली एक पायरी आहे. पडद्याच्या कोपऱ्यातला कॉम्बॅट लॉग उघडा. प्रत्येक फासा किती पडला, त्यात काय मिळवलं आणि किती हवे होते, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं.

सारीपाटात दान पडेल तसं खेळावं लागतं. इथे तसं पूर्ण नाही, इथे दान आपल्या बाजूला झुकवता येतं. वीस बाजूंचा फासा पडतो, त्यात तुमच्या पात्राची भर मिळते, आणि बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी (त्याच्या बचावाच्या आकड्याइतकी) किंवा जास्त झाली की वार लागतो. समजा पहिल्या लेव्हलच्या फायटरची ताकद १६ आहे. १६ चे +३, आणि हत्यार चालवण्याच्या सरावाचे +२, एकूण +५. शत्रूचा आर्मर क्लास १५. म्हणजे फाशावर किमान १० पडायला हवेत. वीसपैकी अकरा दानं चालतील, ५५ टक्के. आता त्याच फायटरच्या हाती धनुष्य द्या आणि त्याला उंचवट्यावर चढवा. उंचीचे +२ मिळतात. त्याच्या बाणाची भरही +५ असेल, तर ती झाली +७ आणि शक्यता ६५ टक्के. ‘अ‍ॅडव्हान्टेज’ मिळालं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा तो धरायचा, तर मुळातले ५५ टक्के जवळपास ८० वर जातात. टोळीतल्या शॅडोहार्ट या सोबतिणीने ‘ब्लेस’ मंत्र टाकला तर तिघांच्या प्रत्येक वारात चार बाजूंचा आणखी एक फासा मिळतो, सरासरी अडीचची भर. नव्या खेळाडूच्या यादीत ‘ब्लेस’ सगळ्यात साधा दिसतो आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

आता माझ्या पाच पराभवांकडे येतो. लॉग वाचल्यावर दिसलं की शॅडोहार्ट प्रत्येक टर्नला ‘फायर बोल्ट’ मारत होती आणि बहुतेक वेळा हुकत होती. मी फाशांना शिव्या देत होतो. खरं कारण असं, की हा मंत्र तिला वंशाकडून मिळालेला आहे आणि तो बुद्धीवर चालतो. तिची बुद्धी १०, म्हणजे भर शून्य. सरावाचे +२ धरून १५ च्या आर्मर क्लाससमोर तिची शक्यता ४० टक्के. तोच मंत्र गेल या जादूगार सोबत्याने मारला तर बुद्धी १७ असल्यामुळे ५५. ती क्लेरिक आहे, तिचं बळ तिच्या श्रद्धेच्या मंत्रांत. बरं, तिचा ‘सेक्रेड फ्लेम’ घ्यावा तर त्यात शत्रूला चपळाईने वाचायची संधी मिळते, आणि गोब्लिन म्हणजे चपळाईत माकडं. सहाव्या वेळी तिने पहिल्याच टर्नला ‘ब्लेस’ टाकला, धनुर्धराला मी खडकावर चढवलं, आणि गोब्लिनांच्या मागे लागण्याऐवजी त्यांना वेशीजवळ येऊ दिलं. तिथे वस्तीतले लोक तुमच्या बाजूने लढत असतात, हे मी पाच वेळा विसरलो होतो.

तर पंचनाम्यात एवढं पाहा.

वार हुकतायत का? मग कोण कशावर हल्ला करतोय ते तपासा. शत्रूवर कर्सर नेला की टक्केवारी दिसते. पन्नासच्या खाली असेल तर दुसरं काही तरी करा. कीबोर्डवर टी दाबून शत्रूची कुंडली उघडता येते, त्याला आग बाधते की नाही हे तिथेच कळतं.

जादूगाराचे मंत्रच चालत नाहीयेत का? त्याला चिलखत घातलंय का बघा. ज्या चिलखताचा सराव नाही ते अंगावर असेल तर मंत्र टाकता येत नाहीत. जड चिलखत मिळालं की ते सगळ्यात अशक्त गड्याला घालावं असं वाटतंच, मीही घातलं होतं.

एकच माणूस सारखा पडतोय का? त्याला मागे ठेवा. आणि पडलेल्याला ‘हेल्प’ करून उभं करता येतं, किंवा औषधाची बाटली त्याच्या अंगावर फेकता येते. हो, फेकता येते. जवळ उभ्या असलेल्या दुसऱ्यालाही तिचा फायदा होतो.

एखाद्या लढाईची खास किल्ली सुटलीय का? गावाखालच्या विहिरीतून ज्या गुहेत उतरता, तिथली मोठी कोळीण कुठल्याही पातळीवर घाम फोडते. पण ती जाळ्यावर उभी असताना जाळं पेटवलं, तर ती थेट खाली कोसळते. ही युक्ती न कळल्यामुळे पातळी खाली आणणं म्हणजे कुलूप उघडत नाही म्हणून दार तोडणं.

पात्रच मुळात चुकीचं बनलं असेल तर? तेही निस्तरता येतं. तळघरातल्या कबरीत ‘विदर्स’ नावाचा एक सुकलेला म्हातारा भेटतो, आणि नाही भेटला तर काही दिवसांनी स्वतःच तुमच्या कॅम्पमध्ये येऊन उभा राहतो. १०० सोन्याच्या नाण्यांत तो तुमचं किंवा सोबत्याचं पात्र पुन्हा पहिल्यापासून बांधून देतो.

पायरी ५: झोपता का, ते सांगा

‘गेम फार अवघड आहे’ म्हणणाऱ्या मित्राला मी पहिला प्रश्न हाच विचारतो. शॉर्ट रेस्ट, म्हणजे छोटी विश्रांती, दोन लाँग रेस्टच्या मध्ये दोनदा मिळते, त्यात निम्मे हिट पॉइंट परत येतात. लाँग रेस्टने, म्हणजे कॅम्पमधल्या रात्रभराच्या झोपेने, सगळं भरून येतं, मंत्रसुद्धा. पण डोक्यात अळी शिरलीय आणि काही दिवसांत आपला राक्षस होणार, असं गेम सुरुवातीलाच घाबरवून ठेवतो. त्यामुळे नवा माणूस झोपायलाच तयार नसतो आणि रिकाम्या मंत्रांनिशी लढत राहतो.

निर्धास्त झोपा. अळीची टांगती तलवार कथेपुरती आहे. उलट सोबत्यांचे बरेचसे महत्त्वाचे प्रसंग रात्रीच्या कॅम्पमध्येच घडतात, न झोपणाऱ्याची अर्धी गोष्ट मागे राहते. मोजक्या ठिकाणी मात्र वेळेला किंमत आहे. वॉकीन्स रेस्टची सराय जळताना दिसली की आधी माणसं बाहेर काढा, झोप मग. शिध्याची चिंता बॅलन्स्डवर फारशी करू नका, पेट्या-पिंपं उघडत गेलात तर सफरचंदं आणि मासे वाहून कंबर मोडेल इतकं मिळतं.

पायरी ६: आता बटण फिरवा, पण एकच

पंचनामा झाला, झोपून आलात, लेव्हलही पुरेशी आहे, आणि तरी तीच लढाई चार-पाच वेळा हरताय. मग खुशाल बदला. आधी एफ५ दाबून वेगळा सेव्ह करा, लढाई सुरू व्हायच्या आधीचा. मग ऑप्शन्समध्ये जाऊन पातळी एक पायरी खाली आणा आणि लढा. जिंकल्यावर परत वर न्यायची की तिथेच राहायचं, हे लगेच ठरवू नका, पुढच्या दोन लढाया खेळून बघा. टॅक्टिशियनवर गेम संपवल्याची ट्रॉफी हवी असेल तर मात्र मधे खाली उतरू नका.

लढाई ठीक आहे पण एखादीच गोष्ट छळतेय, अशा वेळी कस्टम कामाचं. त्यात शत्रूचा आक्रमकपणा, शत्रूला क्रिटिकल हिट (नेहमीपेक्षा जबर वार) मिळावा की नाही, शिध्याचा खर्च, दुकानातले भाव, असं सगळं सुटं सुटं आहे. शिधा जमवणं म्हणजे वाण्याची यादी वाटत असेल तर तेवढाच खर्च कमी करा, शत्रूंना हात लावू नका. ‘लढाई सोपी हवी, पण उत्सुकता टिकावी’ असं असेल तर आधी शत्रूचा आक्रमकपणा कमी करा आणि मग त्यांचे हिट पॉइंट लपवा. ही जोडी मी एका मित्राला लावून दिली होती, तो अजून त्यावरच खेळतोय. कस्टमकडे वळण्याआधीही वेगळा सेव्ह ठेवा. दोन-तीन बटणं एकदम फिरवलीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही, म्हणून एका वेळी एकच.

‘कार्मिक डाइस’ नावाचं एक बटण काठिण्यपातळीबाहेर, ऑप्शन्समध्ये असतं आणि मुळातच चालू असतं. सलग वाईट किंवा सलग चांगली दानं पडू नयेत, हे त्याचं काम. ऐकायला प्रेमळ आहे. पण शत्रूच्या फाशांनाही ते लागू होतं असा बऱ्याच खेळाडूंचा अनुभव आहे. मग भक्कम चिलखताचा गडी बनवूनही त्याला वार जास्त बसायला लागतात. तुमची टोळी अशी असेल तर ते बंद करून बघा.

पायरी ७: वर कधी चढायचं?

लढाई सुरू झाली की आता काय करायचं याचा विचारच करावा लागत नसेल, झोळीतले मंत्रलेख आणि बाटल्या न वापरता साचत असतील, आणि शॉर्ट रेस्टसुद्धा घ्यावी लागत नसेल, तर बॅलन्स्डवरून टॅक्टिशियनवर जा. साधारणपणे पाचव्या-सहाव्या लेव्हलला बऱ्याच जणांची ही वेळ येते. चढलात की पहिल्या दोन लढाया पटापट सोडवायला जाऊ नका. शत्रूंचा दम वाढलेला असतो, त्यामुळे ज्या फायरबॉलने पूर्वी तिघे गार व्हायचे, त्यात आता दोघे उभे राहतात, आणि ते उरलेले दोघे नेमके तुमच्या जादूगाराकडेच धावतात.

ऑनर मात्र पहिला गेम पूर्ण झाल्याशिवाय नको. तिथे सेव्ह एकच असतो, मागे फिरायची सोय नाही. शिवाय मोठ्या शत्रूंना जास्तीच्या खास चाली मिळतात, ज्या एक्सप्लोरर, बॅलन्स्ड किंवा टॅक्टिशियनवर दिसतच नाहीत, आणि चालू गेममधून ऑनरवर चढताही येत नाही, नव्यानेच सुरू करावं लागतं. सगळी टोळी मेली की ऑनर संपला. पण तिथेही एक दार उघडं आहे. तोच गेम कस्टममध्ये पुढे चालू ठेवायचा का, असं विचारलं जातं. माझी ऑनरची पहिली टोळी त्याच कोळिणीने खाल्ली, जाळं पेटवायचं माहीत असूनही. मी ‘पुढे चालू’ दाबलं, शिध्याचा खर्च कमी केला, आणि गोष्ट पुढे नेली.